नवगावचे गलबत आणि हलती चित्रे

नागपूरहून अलिबागला जायचे तर जवळपास अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. अलिबागच्या उत्तरेला, किनाऱ्यालगत, नवगाव नावाचे लहानसे गाव आहे. तिथे बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचे जुने कब्रस्तान आहे आणि त्यात एक स्मारकस्तंभ उभा आहे. समाजाची परंपरा सांगते, की फार जुन्या काळी पश्चिमेकडून आलेले एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बायका एवढीच माणसे वाचली. बुडालेल्यांची प्रेते लाटांबरोबर किनाऱ्याला लागली आणि नवगावला पुरली गेली. वाचलेल्या चौदा जणांनी कोकणात संसार थाटले, तेलाचे घाणे चालवले, मराठी आपलीशी केली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून आसपासच्या गावांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले.

त्या गलबताचे नाव कुणाला माहीत नाही. उतारूंची यादी नाही, वर्षाबद्दल एकमत नाही. समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेऊन ठेवली. इतर अभ्यासकांनी ती बरीच अलीकडे आणली. तरीही कोकणातल्या शेकडो घरांत ही गोष्ट आजी-आजोबांच्या तोंडून पुढच्या पिढीला मिळत राहिली. आता प्रश्न असा, की ज्या घटनेचे एकही छायाचित्र असणे शक्य नाही, तिच्यावर माहितीपट करायचा तरी कसा?

या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळून गेले आहे, आणि योगायोग असा, की तेही बुडालेल्या जहाजाच्या निमित्तानेच. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘लुसिटानिया’ ही प्रवासी बोट बुडवली. ११९८ माणसे गेली. त्या क्षणी तिथे एकही कॅमेरा नव्हता. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी वाचलेल्यांच्या हकिगतींच्या आधारे तो प्रसंग चित्रांमधून उभा करायचा ठरवले. सुमारे पंचवीस हजार चित्रे काढून १९१८ मध्ये त्यांनी ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ हा बारा मिनिटांच्या आसपासचा चित्रपट पूर्ण केला. ॲनिमेटेड माहितीपट या प्रकाराची सुरुवात अभ्यासक बहुधा याच चित्रपटापासून धरतात.

ॲनिमेटेड माहितीपट म्हटले की अनेकांच्या कपाळावर आठी उमटते. माहितीपट म्हणजे घडले ते दाखवणे आणि ॲनिमेशन म्हणजे कल्पनेने काढणे, मग या दोघांचा मेळ कसा बसणार? शंका रास्त आहे, पण ती कामाची पद्धत पाहिली की बरीचशी विरते. आज अशा चित्रपटाचा पाया बहुधा चित्रांवर नसतो, आवाजावर असतो. आधी खऱ्या माणसाची मुलाखत ध्वनिमुद्रित होते. ती शब्दन् शब्द उतरवून काढली जाते, त्यातला भाग निवडला जातो. मग प्रसंगांची रेखाटने एका ओळीत लावून त्यांवर तोच आवाज चढवतात आणि कच्चा चित्रपट तयार करतात. प्रत्यक्ष चित्रे काढायला त्यानंतर सुरुवात होते. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी दहा मिनिटांच्या चित्रपटाला ७२०० चित्रे हवीत. एवढी मेहनत करणारा माणूस मुद्रित आवाजातले एकेक वाक्य शेकडो वेळा ऐकतो. बोलणारा कुठे थांबला, कुठे गडबडला, कुठे त्याने विषय बदलला, हे त्याच्याइतके कुणालाच कळत नाही.

प्रेक्षकाशी असलेला करारही यात उघड असतो. जुन्या काळाचे सेट लावून, नटांना कपडे चढवून चित्रित केलेला प्रसंग पाहणाऱ्याला क्षणभर खरा वाटतो आणि तिथेच त्याची फसगत होऊ शकते. चित्र मात्र आपण चित्र असल्याचे लपवत नाही. आवाज खरा, दृश्य आठवणीतले, असे ते पहिल्या चौकटीपासून सांगून टाकते. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकाराचे सगळ्यात मोठे बळ हेच आहे.

ज्यू कुटुंबांच्या आठवणींशी या प्रकाराचे नाते फार जवळचे आहे. कारण उघड आहे. युरोपातल्या लाखो ज्यू घरांत १९३३ ते १९४५ या नाझी राजवटीच्या काळात माणसांबरोबर अल्बम गेले, पत्रे गेली, घरेही गेली. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांनी मुलांसमोर त्याबद्दल बोलायचे टाळले. मुले मोठी झाली ती अर्धवट वाक्ये ऐकत. नातवंडांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा दाखवण्यासारखे हाती काही नव्हते.

१९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ऑर्ली यादिन आणि सिल्वी ब्रिंगास यांनी ‘सायलेन्स’ हा अकरा मिनिटांचा चित्रपट केला. त्यात टाना रॉस या बाईंनी आपले बालपण सांगितले आहे. थेरेसिएनश्टाट छावणीत आजीने या मुलीला लपवून जगवले. युद्धानंतर ती स्वीडनमध्ये नातेवाइकांकडे पोचली, तर तिथेही तिला गप्प राहायलाच शिकवले गेले. छावणीचा भाग काळ्यापांढऱ्या, लाकडी ठशांसारख्या चित्रांत आहे. स्वीडनचा भाग रंगीत. रंग आले तरी गप्प बसणे तेच राहिले, हे प्रेक्षकाला कुणी सांगावे लागत नाही.

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने अशा कुटुंबकथांना सातत्याने बळ दिले. ॲन मरी फ्लेमिंग यांचा ‘आय वॉज अ चाइल्ड ऑफ हॉलोकॉस्ट सर्व्हायव्हर्स’ (२०१०) हा बर्नीस आयझेनश्टाइन यांच्या सचित्र आत्मकथनावर आधारलेला आहे. वाचलेल्यांच्या घरात मूल म्हणून वाढणे म्हणजे काय, हा त्याचा विषय. एलेओनोर गोल्डबर्ग यांचा ‘माय यिडिश पापी’ (२०१७) तर अगदी साध्या गोष्टीवर उभा आहे. मैत्रिणींबरोबर जेवायला बसलेली तरुणी आजोबांचा फोन वाजतो तो उचलत नाही. पुढे आजोबा जातात. युद्धकाळात त्यांनी नाझींविरुद्ध गुप्तपणे केलेल्या कामाच्या गोष्टी मी चित्रांतून मांडीन, असे तिने त्यांना कबूल केलेले असते. ते वचन पाळणे म्हणजेच हा चित्रपट.

आणि मग ‘वॉल्ट्झ विथ बशीर’. आरी फोल्मन यांचा २००८ चा हा चित्रपट या प्रकाराला जगाच्या नकाशावर घेऊन आला. फोल्मन यांचे आई-वडील आउशविट्झच्या छावणीतून वाचलेले. ते स्वतः १९८२ च्या लेबनॉन युद्धात एकोणीस वर्षांचे सैनिक होते. पुढे वीस वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला या छावण्यांत पॅलेस्टिनी निर्वासितांचे हत्याकांड झाले त्या दिवसांचे आपल्याला जवळपास काहीच आठवत नाही. लेबनॉनमधल्या फलांजिस्ट बंदूकधाऱ्यांनी ते केले. इस्रायली सैन्याचा वेढा बाहेर होता. फोल्मन जुन्या सोबत्यांना गाठत गेले आणि त्यांच्या आठवणी गोळा करत गेले. एका मित्राला रोज स्वप्नात सव्वीस कुत्री दिसतात. चित्रपट सुरू होतो तो त्या कुत्र्यांच्या धावण्यानेच. स्वप्नाचे चित्रीकरण कोणत्या कॅमेऱ्याने होणार होते? आधी नव्वद मिनिटांचे साधे चित्रीकरण करून ते संपादित केले गेले, त्यावरून प्रसंगरेखाटन झाले, मग डेव्हिड पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी सुमारे २३०० मूळ चित्रे काढली आणि योनी गुडमन यांच्या हाताखाली ती हलती झाली. शेवटच्या मिनिटांत चित्रे थांबतात आणि वृत्तचित्रणातली खरी बैरूत समोर येते. तोवर जे आठवत नव्हते, ते आता पाहावे लागते.

याच चित्रपटात स्मृतीविषयीच्या एका प्रयोगाचा उल्लेख आहे. माणसांना त्यांच्या लहानपणाचे म्हणून काही फोटो दाखवले; त्यात जत्रेतला एक फोटो बनावट होता. तरी बऱ्याच जणांना ती कधीच न घडलेली जत्रा ‘आठवली’. आपली आठवण ही साठवून ठेवलेली वस्तू नाही, ती दर वेळी नव्याने रचली जाते, असे मानसशास्त्र सांगते. कुटुंबाच्या आठवणीवर काम करणाऱ्याने ही गोष्ट उशाशी ठेवायला हवी.

आता पुन्हा कोकणात.

महाराष्ट्रातल्या ज्यूंची कहाणी युरोपातल्यांहून अगदी वेगळी आहे. इथे छळ झाला नाही, छावण्या नव्हत्या. बेने इस्राएलांची आडनावेच त्यांची गावे सांगतात: पेणकर, केहिमकर, दिवेकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा अर्थात अभिनेते डेव्हिड हे पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाचे मूळ नाटक लिहिणारे जोसेफ डेव्हिड हे पेणकर. पण घराघरांतला इतिहास फार थोडा कागदावर आला. केहिमकरांनी आपला इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. मधली चाळीस वर्षे ते हस्तलिखितच होते.

मग एवढ्या पिढ्यांची आठवण राहिली कुठे? ती सणांत राहिली, गाण्यांत राहिली आणि स्वयंपाकघरात राहिली. हिब्रू धर्मग्रंथांशी संबंध तुटलेल्या काळात या लोकांना ‘शेमा’ ही एकच प्रार्थना आठवत होती, ती ते जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हणत. सणांना मराठी नावे पडली होती. नव्या वर्षाच्या सुमारास खिरीचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवशी दारफाळणीचा सण, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायचा तो बिरड्याचा रोजा. वालाच्या बिरड्याने उपास सोडायचा आणि दोन हजार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे जळालेल्या मंदिराचे दुःख करायचे, हे कोकणातच घडू शकते.

मलिद्याचा विधी तर जगातल्या इतर ज्यूंमध्ये या रूपात दिसतच नाही. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना तो करतात. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा असे सगळे एका मोठ्या ताटात कालवतात, वर फळे मांडतात आणि एलियाहू हनाबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, नाव घेतात. अलिबागजवळ खंडाळे इथल्या एका खडकावरच्या खुणा एलियाच्या घोड्याच्या टापेच्या आणि रथाच्या चाकाच्या आहेत, अशी श्रद्धा आहे. तिथून तो आकाशात गेला, असे सांगतात. कॅमेऱ्याला तिथे फक्त खडक दिसतो. तो खडक पाहून डोळे मिटणाऱ्या बाईला काय दिसते, ते दाखवायला चित्रकारच लागतो.

गाण्यांची गोष्टही अशीच. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात मोशे, योसेफ, एलिया यांची आख्याने बसवली. ओवी, साकी, दिंडी अशा चालींत बायबलातली माणसे गाऊ लागली. या कीर्तनांतली काही पदे मुंबईतल्या आणि इस्रायलमधल्या बेने इस्राएल बायकांनी पुढे जपली. ॲनिमेटेड माहितीपटाला सगळ्यांत आधी हवा असतो तो आवाज, आणि इथे तर तो चालीसकट तयार आहे.

चित्रेसुद्धा आहेत. पेसाहच्या रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायचे पुस्तक म्हणजे हग्गादा. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची कथा त्यात असते. तिची हिब्रू-मराठी आवृत्ती मुंबईत १८४६ मध्येच शिळाछापावर निघाली होती. १८७४ मध्ये पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर यांनी दुसरी आवृत्ती काढली, ती सचित्र. या पुस्तकातल्या बायका साड्या नेसलेल्या आहेत आणि जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या, म्हणजे मात्झा, करताहेत. युरोपातल्या हग्गादांमध्ये टेबल-खुर्च्या, टोप्या आणि झगे. पुण्याच्या चित्रकाराने मात्र आपल्या शेजारच्या घरातली, आपल्याला ठाऊक असलेली बाई काढली. फारोच्या काळातली गोष्ट सांगताना त्याने आसपासच्या कुटुंबांची आठवण कागदावर आणून ठेवली. त्या काळी बेने इस्राएल घरातले स्वयंपाकाचे काम असे कोणत्या छायाचित्रकाराने टिपले असते?

अलीकडच्या काळात या आठवणींकडे वळलेले कलावंत कमी नाहीत. सादिया शेपर्ड ही अमेरिकेत वाढलेली लेखिका. तिची आजी पाकिस्तानातली मुसलमान गृहिणी म्हणून सगळ्यांना माहीत होती. लहानपणी सादियाला आजीच्या वस्तूंमध्ये ‘रेचेल जेकब्ज’ हे नाव सापडले आणि उलगडा झाला, की आजी मूळची मुंबईची बेने इस्राएल. आजीला दिलेल्या शब्दाखातर ती फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन २००१ मध्ये भारतात आली, मुंबई-पुणे आणि कोकणातली सिनेगॉगे धुंडाळली, माणसांना भेटली. त्यातून ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’ (२००८) हे पुस्तक आणि ‘इन सर्च ऑफ द बेने इस्राएल’ हा माहितीपट तयार झाला. शोधणारी नात आहे, कॅमेरा आहे, कोकण आहे. पण आजीचे १९४० च्या दशकातले मुंबईतले तरुणपण मात्र शब्दांतच राहते.

मुंबईत वाढलेल्या, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या सियोना बेंजामिन यांनी वेगळी वाट काढली. त्याही फुलब्राइटवर परत आल्या, इथे उरलेल्या ज्यूंना भेटल्या, त्यांचे फोटो घेतले, गोष्टी ऐकल्या आणि त्या फोटोंभोवती रंगांनी, सोनेरी वर्खाने, कागदांच्या तुकड्यांनी प्रत्येकाची कथा रचली. ‘फेसेस: वीव्हिंग इंडियन ज्यूइश नॅरेटिव्हज’ असे त्या मालिकेचे नाव. चेहरा छायाचित्रातला, आठवण रंगातली. त्या चित्रांना हालचाल आणि बोलणाऱ्याचा आवाज मिळाला, तर तो ॲनिमेटेड माहितीपटच होईल.

एक गोष्ट इथे नोंदवण्याजोगी आहे. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजन या माहितीपट संस्थेत १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स यांच्या मदतीने कार्टून विभाग सुरू झाला. त्या सुमारास या संस्थेची धुरा होती एझ्रा मीर यांच्याकडे, आणि ते कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यात जन्मलेले. भारतीय माहितीपट आणि भारतीय ॲनिमेशन या दोन्हींच्या पायाभरणीच्या काळात एक भारतीय ज्यू माणूस मुंबईत बसून काम पाहत होता, हे फारसे कुणी सांगत नाही.

कौटुंबिक आठवणींवर ॲनिमेशन कसे करावे, याचे उत्तम भारतीय उदाहरण मुंबईतच मिळते. नीना सबनानी यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि नंतर पवईच्या आयआयटीत शिकवले. त्यांच्या ‘मुकंद अँड रियाझ’ (२००५) या चित्रपटात त्यांच्या वडिलांची आठवण आहे. १९४७ मध्ये कराची सोडावी लागलेला मुकंद आणि त्याला मदत करणारा त्याचा मुसलमान मित्र रियाझ यांची ती गोष्ट. चित्रे कापडाच्या तुकड्यांवर तुकडे शिवून केल्यासारखी आहेत. सिंध-गुजरातमधल्या घरांत बायका असेच कापड जोडतात. गोष्ट ज्या घरातली, पोतही त्याच घरातला. पुढे ‘टांको बोले छे’ (२००९) मध्ये त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. कच्छमधल्या कला रक्षा संस्थेच्या कारागीर बायकांनी आपल्या स्थलांतराच्या आणि भूकंपाच्या आठवणी स्वतःच शिवून काढल्या, बोलल्याही स्वतःच, आणि त्याच शिवणकामाला हालचाल दिली गेली. आठवण ज्यांची, चित्रही त्यांचेच.

बेने इस्राएलांच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. परदेशी शैलीची गुळगुळीत चित्रे इथे उपऱ्यासारखी वाटतील. पुण्याच्या हग्गादेतली शिळाछापाची रेघ आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथीची परंपरा आहे. पोथीतली चित्रे एकामागून एक दाखवत ठाकर समाजातला कथेकरी रामायण-महाभारत गातो. चित्र, गाणे आणि कथा एकत्र आणणारी ती कोकणची स्वतःची पद्धत. मराठी ॲनिमेटरला बाहेर कुठे शैली शोधायला जायची गरज नाही.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नव्या वर्षाच्या, आधी घरात चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा. नारळाचे दूध पिळायचे. मांसाहाराबरोबर दूधदुभते चालत नाही, तेव्हा कोकणचा नारळ धर्माच्याही कामी येतो. मग साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात हे सगळे घोटत राहायचे. हात दुखेपर्यंत, पातेल्याची कड सुटेपर्यंत. घोटणे चालू असते तेव्हा बायका बोलतात: कोण इस्रायलला गेले, कुणाचे लग्न ठरले, रेवदंड्याच्या घराचे काय झाले. या प्रसंगात चीक घट्ट होत जाताना त्याचा रंग आणि पोत बदलतो, त्यातूनच पुढची दृश्ये उमलवता येतील. पळीच्या फेऱ्यातून समुद्राचा भोवरा, भोवऱ्यातून गलबत. खरा कॅमेरा पातेल्यापाशीच थांबेल. चित्र मात्र घोटणाऱ्या बाईच्या मनामागे जाऊ शकते.

अर्थात याला शिस्त हवी. जे ऐकले ते आणि जे कल्पिले ते यांतला फरक चित्रातच दिसला पाहिजे. टिपूच्या कैदेची कथाच घ्या. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले. परंपरा सांगते, की टिपूच्या आईने कैद्यांची जात विचारली आणि ‘बेने इस्राएल’ हे कुराणात आलेले नाव ऐकून त्यांना जीवदान देववले. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला ‘शाआर हाराहमीम’ हे सिनेगॉग बांधले. सिनेगॉग आजही आहे, ते खऱ्या चित्रीकरणात दाखवावे. टिपूच्या आईचा संवाद ही घरातून आलेली गोष्ट आहे, ती वेगळ्या रेषेत काढावी. दोन घरांत ती दोन तऱ्हांनी सांगितली जात असेल, तर दोन्ही तऱ्हा दाखवाव्यात.

विज्ञानानेही या गोष्टींना स्पर्श केला आहे. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्राएलांच्या जनुकीय अभ्यासाचा निबंध आला. त्यांच्यात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश असून तो संयोग साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे अंदाजे साडेसहाशे ते हजार वर्षे. पश्चिमेकडून आलेल्या ज्यू पूर्वजांच्या परंपरेला त्याने बळ मिळते, पण गलबत फुटल्याची कथा किंवा दोन हजार वर्षांची तारीख त्याने सिद्ध होत नाही. प्रामाणिक चित्रपटाने हेही प्रेक्षकाला सांगावे. आठवणीचा मान त्याने कमी होत नाही.

काही आठवणी सांगायला अवघड असतात, आणि तिथे ॲनिमेशनचा आणखी एक उपयोग दिसतो. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावांत वसले. तिथे त्यांना गोऱ्या ज्यूंकडून दुजाभाव सोसावा लागला. १९५० च्या दशकाच्या आरंभी काहींनी, आम्हाला परत मायदेशी पाठवा, म्हणून धरणे धरले आणि त्यांतल्या काहींना खरोखरच भारतात परत आणले गेले. पुढे इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या ज्यूपणाबद्दलच शंका काढून लग्नांत अडथळे आणले, तेव्हा १९६० च्या दशकात मोठे आंदोलन उभे राहिले. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्यांच्या लग्नावर तेव्हा प्रश्नचिन्ह लागले होते, त्यांपैकी काहींना आजही कॅमेऱ्यासमोर बसायला संकोच वाटू शकतो. २०२१ च्या ‘फ्ली’ या डॅनिश चित्रपटाने याची वाट दाखवली आहे. अफगाणिस्तानातून पळालेल्या ‘अमीन’चे खरे नाव आणि चेहरा प्रेक्षकांना कळला नाही, कळला तो त्याचा आवाज आणि त्याचे आयुष्य. हा चित्रपट ऑस्करच्या माहितीपट, ॲनिमेशन आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तिन्ही विभागांत नामांकित झाला होता.

आज भारतात काही हजारच ज्यू उरले आहेत, त्यातले बरेच मुंबई, ठाणे, रायगड, पुणे या भागांत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक याच समाजाने अनेक वर्षे चालवले. पण तिथल्या तिसऱ्या पिढीच्या तोंडी हिब्रू आहे. कोकणी वळणाची, बिरडे-मलिद्याची ती मराठी सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी उरली आहे. ही माणसे आहेत तोवरच त्यांचा आवाज मुद्रित होऊ शकतो, आणि आवाजाशिवाय या प्रकारच्या चित्रपटाचा आरंभही होत नाही. त्यामुळे घाई करायला हवी, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

विदर्भातल्या वाचकांना हा विषय कोकणचा आणि म्हणून दूरचा वाटू नये. ज्यांच्या घरच्यांचे, शाळासोबत्यांचे, कचेरीतल्या सहकाऱ्यांचे एखाद्या बेने इस्राएल कुटुंबाशी घरोब्याचे संबंध होते, त्यांच्याकडेही त्या कुटुंबाच्या आठवणींचा काही भाग आहे. तो मुद्रित करावा. सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी, एका बैठकीत तासाभरापेक्षा ताणू नये, मूळ ध्वनिफीत काटछाट न करता जपावी, आणि बोलणाऱ्याची परवानगी लेखी घ्यावी. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातल्या आणि शहरातल्या ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलामुलींनी अशी एक मुलाखत घेऊन पाच मिनिटांचा चित्रपट अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून जरूर करावा. पाच मिनिटांना ३६०० चित्रे लागतील. चार जणांनी वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला ९०० येतात, आणि एका वर्षात ती पूर्ण होऊ शकतात.